निरोपाची किंमत

समाजमाध्यमें सोडून देण्याचा निश्चय हा अलीकडच्या सुशिक्षित कुटुंबांतील एक परिचित प्रसंग झाला आहे. पूर्वीं कोणी चहा सोडीत असे, कोणी तपकीर सोडीत असे; आतां फेसबुक सोडल्याचें सांगितलें जातें, आणि तें सांगण्यास बहुधा फेसबुकाखेरीज दुसरी जागा सुचत नाहीं, ही त्यांतील गंमत. परंतु हा निश्चय सर्वांनाच सारखा सोपा नसतो. लातूर, निलंगा आणि उदगीर यांच्या मधल्या टापूंत शिरूर अनंतपाळ हें तालुक्याचें गांव आहे. तेथून निघून पुण्यास, मुंबईस किंवा हैदराबादेस नोकरीधंद्यासाठीं स्थायिक झालेल्या कुटुंबाच्या दृष्टीनें या गोष्टीचा विचार करावा. गांवाकडे पाऊस किती झाला, कोणाचें लग्न ठरलें, कोण आजारी आहे, आणि मुख्य म्हणजे कोण वारलें व माती किती वाजतां आहे, हें सारें अशा घरास व्हॉट्सॲपवरील गांवच्या अथवा भावकीच्या गटांतून कळतें. त्या घरांतील एखाद्यानें हें माध्यम टाकलें, तर त्याची करमणूक तर जातेच. पण चुलत्याच्या मातीस पोंचला नाहीं, हा बोलहि त्याला आयुष्यभर ऐकावा लागतो.

तेव्हां सोडावें कीं न सोडावें, हा केवळ मनोनिग्रहाचा प्रश्न नाहीं. निरोप कोण नेतो, त्याची किंमत कोण भरतो, आणि त्या निरोपावर मैत्री कितपत उभी राहते, असा तो प्रश्न आहे. त्याचें उत्तर शोधावयाचें तर निरोपाच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे.

शिरूर अनंतपाळ हा तालुका १९९९ सालीं झाला, आणि लातूर जिल्हा १९८२ सालीं. त्यापूर्वीं हा भाग उस्मानाबाद जिल्ह्यांत होता. १९५६ पर्यंत निलंगा व उदगीर हे तालुके बीदर जिल्ह्यांत मोडत. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत या सर्वांवर निजामाची सत्ता होती. राजवटी बदलल्या, जिल्हे बदलले. पण एका गांवाहून दुसऱ्या गांवास निरोप जाण्याची रीत पिढ्यान् पिढ्या एकच राहिली. अशा निरोपास खेड्यांत सांगावा म्हणतात. लेकीच्या सासरीं धाडावयाचा सांगावा बाजारास निघालेल्या एखाद्या शेजाऱ्याबरोबर जाई. मृत्यूचा सांगावा मात्र बाजाराच्या दिवसाची वाट पाहूं शकत नसे. तो पोंचविणें हें महार समाजाच्या माणसाचें काम ठरून गेलेलें होतें. ऊन असो, चिखल असो, मध्यरात्र असो, तो पायीं निघे. परगांवच्या सोयऱ्यांच्या दारापुढें दूर उभा राहून वार्ता सांगे आणि परत फिरे. त्याबद्दल त्यास रोख मजुरी मिळत नसे. बलुत्याचें थोडें धान्य आणि मागून आणलेली भाकरी, हाच त्याचा मोबदला. गांवास निरोप फुकट पडे. आणि तो फुकट पडे याचें कारण एवढेंच, कीं त्याची किंमत दुसऱ्याच्या पायांनीं आधींच भरलेली असे.

ही किंमत प्रथम मोठ्यानें मोजून दाखविली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं. १९ मार्च १९२८ रोजीं त्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत महार वतनासंबंधीं दुरुस्तीचें विधेयक मांडलें. वतन हें मानाचें चिन्ह नसून गुलामगिरीची बेडी आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. मुंबई राज्यांत कनिष्ठ गांवकामगारांचीं वतनें नष्ट करण्याचा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. परंतु कायद्याची वाट न पाहतां चळवळीच्या हांकेसरशीं महाराष्ट्रांत व मराठवाड्यांत गांवोगांवच्या महार बांधवांनीं मृत्यूचा सांगावा नेण्याचें आणि मेलेलीं जनावरें ओढण्याचें काम टाकलें, आणि त्याबद्दल पुष्कळ ठिकाणीं गांवाचा बहिष्कार सोसला. निरोपाचें जाळें सोडून देण्याचा आपल्या इतिहासांतील हा एक फार मोठा प्रसंग होय. तो निरोप घेणारांनीं घडविला नाहीं. निरोप नेणारांनीं घडविला. त्याच्या तुलनेंत आजचा फेसबुकत्याग ही अगदीं किरकोळ गोष्ट आहे, आणि दोहोंची बरोबरी करणें अन्यायाचें होईल. तथापि त्या प्रसंगानें शिकविलेला प्रश्न आजहि उपयोगी पडतो : जो निरोप फुकट वाटतो, त्याची किंमत कोण भरीत आहे?

दुसरी व्यवस्था टपालाची. ब्रिटिश हिंदुस्थानांत १८५४ सालीं, अंतर कितीहि असलें तरी, पाव तोळ्याच्या पत्रास अर्धा आणा असा एकच दर ठरला, आणि तिकीट लावून पैसे आगाऊ भरण्याची रीत रूढ झाली. त्यापूर्वीं पुष्कळदां पत्र घेणारासच पैसे द्यावे लागत. १ जुलै १८७९ पासून पाव आण्याचें, म्हणजे एका पैशाचें, पोस्टकार्ड निघालें. निजामाच्या राज्याचें टपालखातें वेगळें होतें. १८६९ पासून त्याचीं स्वतःचीं तिकिटें चालत, आणि १९५० सालीं तें भारताच्या टपालखात्यांत विलीन झालें. या व्यवस्थेनें घडवून आणलेला पालट वरवर लहान दिसतो, परंतु तो मूलगामी होता. निरोपाची किंमत आतां निरोप धाडणारा स्वतः भरूं लागला, आणि वाहून नेणाऱ्यास पगार मिळूं लागला. एक पैसा ही रक्कम थोडी होती, पण ती शून्य नव्हती. कार्डावर जागा बेताची, आठवड्यांत कार्डें बेताचीं. म्हणून कोणास लिहावयाचें आणि काय लिहावयाचें, हें आधीं ठरवावें लागे. मृत्यूची वार्ता असलेल्या कार्डाचा कोपरा फाडलेला असे. तें दुरून पाहतांच घरांत शांतता पसरे, आणि वाचून होतांच तें फाडून टाकलें जाई. लग्नाच्या पत्रास कुंकू लागलेलें असे. अक्षर न वाचतांहि पत्र बोलत असे, तें याच कारणानें, कीं तें पाठविणाऱ्याच्या हातांतून गेलेलें असे.

पत्रावरून जुळलेल्या नात्यांना मराठींत फार जुना इतिहास आहे. त्याची सर्वांत प्रसिद्ध कथा मराठवाड्याशींच निगडित आहे, कारण ज्ञानेश्वरांचें घराणें गोदाकाठच्या आपेगांवचें. परंपरा सांगते ती अशी : तापीकांठचे वृद्ध योगी चांगदेव यांनीं ज्ञानेश्वरांची कीर्ति ऐकली आणि भेटीपूर्वीं पत्र धाडण्याचें योजिलें. परंतु मायना काय लिहावा येथेंच त्यांची लेखणी अडली. वयानें लहान म्हणून चिरंजीव म्हणावें, तर ज्ञानानें तो वडील. तीर्थरूप म्हणावें, तर वयानें तो पोर. अखेर त्यांनीं कोराच कागद धाडला. ज्ञानेश्वरांनीं त्यास पासष्ट ओंव्यांचें उत्तर लिहिलें. तेंच चांगदेव पासष्टी. या कथेंत लिहिणारा, वाचणारा आणि शिष्यांचा मोठा परिवार हीं सर्व आहेत. पण तिचा गाभा मायन्याच्या अडचणींत आहे. समोरचा माणूस आपला कोण लागतो, हें ठरविल्यावांचून पत्राचा पहिला शब्दहि लिहितां येत नाहीं. जुन्या मराठी पत्रांतील तीर्थरूप, चिरंजीव, सौभाग्यवती, राजमान्य राजश्री हीं संबोधनें आज अवजड वाटतात. परंतु त्यांतील प्रत्येक शब्द एक नातें निश्चित करीत असे.

अगदीं आपल्या काळाजवळचें उदाहरण जी. ए. कुलकर्णी व सुनीताबाई देशपांडे यांचें. जी. ए. धारवाडास इंग्रजी शिकवीत. सभासंमेलनांपासून, किंबहुना माणसांच्या गर्दीपासूनच, ते दूर राहत. सुनीताबाईंशीं त्यांच्या प्रत्यक्ष भेटी थोड्याच झाल्या. पण दोघांत अनेक वर्षें दीर्घ पत्रव्यवहार चालला. ११ डिसेंबर १९८७ रोजीं जी. ए. वारले. त्यांचीं पत्रें पुढें प्रसिद्ध झालीं, आणि सुनीताबाईंचीं पत्रें २००३ सालीं 'प्रिय जी. ए.' या नांवानें ग्रंथरूपानें आलीं. दूर राहून, क्वचित् भेटूनहि मैत्री खरी असूं शकते, याचा याहून सबळ पुरावा मराठींत शोधावा लागणार नाहीं. तेव्हां समाजमाध्यमांवरील मैत्री खोटी, कारण ती प्रत्यक्ष भेटींतली नव्हे, हा आक्षेप टिकत नाहीं. दूरत्व हा दोष नाहीं. फरक आहे तो दुसऱ्याच ठिकाणीं. ते प्रत्येक पत्र एका माणसानें एकाच माणसासाठीं, आपल्या आयुष्यांतले तास खर्चून लिहिलेलें होतें.

इंटरनेटची सार्वजनिक सेवा भारतांत १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सुरू केली. ऑर्कुट आणि फेसबुक हीं दोन्हीं २००४ सालचीं. फेसबुक प्रथम हार्वर्ड विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांपुरतें होतें आणि सप्टेंबर २००६ मध्यें तें सर्वांना खुलें झालें. व्हॉट्सॲप २००९ सालीं आलें. पुढें २०१६ नंतर मोबाइलवरील इंटरनेट स्वस्त झालें, आणि शहरांत जें होतें तें शेताच्या बांधावरहि आलें. या माध्यमांनीं मैत्रीच्या व्यवहारांत दोन पालट केले. पहिला मायन्याचा. कचेरींतला साहेब, शाळेंतला सोबती, बायकोचा मामेभाऊ आणि एकदां प्रवासांत भेटलेला सद्गृहस्थ या सर्वांना फेसबुकानें मित्र हें एकच नांव दिलें. चांगदेवांची लेखणी जेथें अडली, तेथें आतां कोणाचेंच बोट अडत नाहीं. दुसरा पालट किमतीचा. निरोप पाठविणाऱ्यास कांहीं पडत नाहीं, घेणाऱ्यासहि कांहीं पडत नाहीं. तरी फेब्रुवारी २०१४ मध्यें व्हॉट्सॲप विकत घेण्यासाठीं फेसबुकनें सुमारें १९ अब्ज डॉलर देण्याचें जाहीर केलें. जी वस्तु फुकट वांटली जाते, तिला एवढें मोल कोठून आलें? फेसबुकचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींचें आहे, आणि जाहिरातदार जें विकत घेतो तें वाचणाऱ्याचें लक्ष असतें. निरोपाची किंमत पुन्हा एकदां डोळ्यांआड झाली. ती आतां मिनिटामिनिटानें सर्वांच्याच दिवसांतून कापली जाते, आणि कापली गेल्याची पावती कोणास मिळत नाहीं.

या मैत्रीची कसोटी कशी पाहावी? एक कसोटी आपोआप घडली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजीं बंद झालें. लाखो लोकांच्या मित्रांच्या याद्या त्या दिवशीं मिटल्या. ज्यांची एकमेकांना गरज होती, त्यांनीं एकमेकांना दुसऱ्या मार्गानें शोधून काढलें. बाकीचीं नांवें कोणाच्या लक्षांतहि राहिलीं नाहींत. हीच तारीख लातूर जिल्ह्यास एका निराळ्या कारणानें विसरतां येत नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, गणेशविसर्जनाच्या रात्रीनंतरच्या पहाटे, ३ वाजून ५६ मिनिटांनीं किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला आणि सुमारें दहा हजार माणसें दगडमातीच्या घरांखालीं गेलीं. त्या वेळीं मोबाइल नव्हते. नभोवाणीवरून आणि वर्तमानपत्रांतून वार्ता पसरली, आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसें धान्य, कपडे व औषधें घेऊन निघाली. ज्यांचे सोयरे त्या गांवांत होते तेहि आले आणि ज्यांचें कोणी नव्हतें तेहि आले. वार्ता कोणत्या साधनानें कळली, हें गौण होतें. कळल्यावर कोण उठला, हें मुख्य होतें.

न्याय करावयाचा तर उलट बाजूहि सांगितली पाहिजे. २०२० व २०२१ सालच्या करोनाच्या साथींत, घराबाहेर पडणें अशक्य असतां, इस्पितळांतील खाट, प्राणवायूचें सिलिंडर, औषध यांचा शोध हजारों कुटुंबांनीं याच माध्यमांवरून घेतला, आणि अनोळखी माणसांनीं रात्र रात्र जागून तो त्यांना लावून दिला. त्या रात्रींचें साहाय्य फेसबुकावरचें म्हणून खोटें ठरत नाहीं. तेंहि खरें होतें, कारण देणाऱ्यानें आपली झोंप त्याच्या मोबदल्यांत दिली होती.

शास्त्रज्ञांनीं या बाबतींत जें मोजलें आहे, तें याच दिशेनें जातें. माणसास एका वेळीं सुमारें १५० नात्यांचाच खराखुरा सांभाळ करतां येतो, असा सिद्धांत ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनीं गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मांडला. फेसबुकानें पांच हजारपर्यंत मित्रांची मुभा दिली. पण डनबार यांनीं २०१६ सालीं प्रसिद्ध केलेल्या ब्रिटनमधील पाहणींत, संकटांत ज्यांच्याकडे धांव घ्यावी अशीं माणसें विचारलीं असतां, लोकांनीं सरासरी ४ च सांगितलीं, आणि दुःखांत ज्यांना कळवळा येईल अशीं सुमारें १४. यादी वाढली, पण खांदा देणारे वाढले नाहींत. दुसरा प्रयोग अमेरिकेंत २०१८ सालीं झाला. कांहीं अर्थशास्त्रज्ञांनीं लोकांना मोबदला देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवावयास लावलें. रोजचा सरासरी एक तास मोकळा झाला. त्यांतील कांहीं घरच्या माणसांत व मित्रांत गेला, कांहीं एकट्यानें दूरचित्रवाणी पाहण्यांत गेला. मनाचें स्वास्थ्य थोडें सुधारलें. देशांतील घडामोडींची माहिती मात्र कमी झाली. म्हणजे सोडण्यानें लाभ होतो, पण तो अद्भुत नसतो. आणि कांहींतरी गमवावेंहि लागतें. जो कोणी हें माध्यम सोडतांच मैत्रीचा सुवर्णकाळ परत येईल अशी आशा धरतो, त्याच्या हातीं बहुधा मोकळा तास आणि दूरचित्रवाणीचा पडदा एवढेंच उरतें.

या अडचणींतून महाराष्ट्रांतील कांहीं खेड्यांनीं आपल्या परीनें वाट काढली आहे. सांगली जिल्ह्यांतील कडेगांव तालुक्यांत मोहित्यांचें वडगांव या गांवीं १५ ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळीं सात वाजतां भोंगा वाजवून दीड तास मोबाइल व दूरचित्रवाणी बंद ठेवण्याचा परिपाठ सुरू झाला. मुलांनीं अभ्यास करावा, मोठ्यांनीं एकमेकांशीं बोलावें, हा त्यांतील हेतु. लातूरच्या शेजारीं, धाराशिव जिल्ह्यांतील उमरगा तालुक्यांत, जकेकूरवाडी या गांवानेंहि सायंकाळचा असाच नियम केला. या प्रयोगांत एक गोष्ट विशेष ध्यानांत घेण्याजोगी आहे. शहरांतला माणूस एकटा माध्यम सोडतो, आणि बाकीचे तेथेंच राहतात. म्हणून तो वार्तेला मुकतो. या गांवांत सर्वांनीं एकाच वेळीं आणि ठरल्या वेळेपुरतें सोडलें; म्हणून कोणीच कशास मुकलें नाहीं, आणि मोकळा झालेला वेळ घालविण्यास शेजारचा माणूसहि त्याच वेळीं मोकळा सांपडला. एकट्याचा त्याग हा संन्यास होतो; सर्वांचा त्याग हा गांवाचा रिवाज होतो.

आतां पुन्हा शिरूर अनंतपाळच्या त्या पुण्यांत राहणाऱ्या कुटुंबाकडे येतां येईल. त्यानें काय करावें? इतिहासानें दिलेलें उत्तर असें दिसतें, कीं माध्यम सोडण्यास हरकत नाहीं. परंतु जी किंमत दुसरें कोणी भरीत होतें, ती स्वतः भरण्याची तयारी आधीं झाली पाहिजे. सोडण्यापूर्वीं एक कागद घ्यावा आणि त्यावर नांवें हातानें लिहावीं. प्रत्येक नांवापुढें चांगदेवांप्रमाणें मायना शोधावा. ज्या नांवांपुढें मायना सुचणारच नाहीं, त्यांचा निरोप घेतांना दुःख मानण्याचें कारण नाहीं. ज्यांच्यापुढें तो सहज सुचेल, त्यांना आपण होऊन दूरध्वनि करावा, पत्र लिहावें, वर्षांतून एकदां तरी त्यांच्या दारीं जावें. आणि गांवांतील एखाद्या भाऊबंदास एवढेंच सांगून ठेवावें : कोणाचें कांहीं बरेंवाईट झालें तर तेवढा दूरध्वनि करा. ही मागणी मागतांना मात्र एक गोष्ट विसरूं नये. पूर्वींचा सांगावा ज्यानें नेला, त्याच्याकडून तो हक्कानें नेववला गेला आणि त्याच्या घरचें सुखदुःख विचारण्यास कोणी गेलें नाहीं. आज जो माणूस आपल्यासाठीं ती वार्ता कळवील, त्याच्या घरीं तशी वेळ येईल तेव्हां पहिली गाडी पकडून निघणें, ही त्या निरोपाची किंमत आहे. ती भरण्याची तयारी असेल, तर माध्यम ठेवलें काय किंवा टाकलें काय, मैत्रीस धक्का लागणार नाहीं.